पैसे बंद नाही झालेत, फक्त येत नाहीयेत

दिव्यांगांचे पैसे कापले असं आपल्याकडे कुठलाच मंत्री कधी म्हणणार नाही. म्हटलं तर दुसऱ्या दिवशी विरोधी पक्ष विधानभवनाच्या पायऱ्यांवर बसेल. म्हणून कापायची रीतच वेगळी आहे, पडताळणी सुरू आहे, पोर्टल बदललंय, आधार सीडिंग नाहीये, नवीन कार्ड लागेल, लाभार्थ्याला समोर आणा. यातली एकेक गोष्ट ऐकायला बरोबरच वाटते, पडताळणीला कोण कशाला नाही म्हणेल, पण सगळ्या मिळून एका घरातले महिन्याचे दीड हजार जातात आणि ते कुणी घालवले त्याचं नाव कुठल्याच कागदावर सापडत नाही. ऐकीव नाही सांगत मी, गेलं जवळजवळ वर्षभर आमच्या घरात हेच चाललंय.

मन्या माझा धाकटा भाऊ, वय ३४, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. बोलतो थोडंफार पण ते आम्हालाच कळतं, त्याला मात्र आपलं सगळं कळतं. हातपाय ताठ, मुठी घट्ट मिटलेल्या, भरवावं लागतं, डायपर लागतो, फिटच्या गोळ्या चालू. बाबा गेल्यापासून आई आणि तो असे दोघंच चाळीतल्या खोलीत राहतात, मी लग्न होऊन दोन स्टेशन पलीकडे. आई घरबसल्या मसाल्याची पाकिटं भरून देते. मन्याला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे मिळायचे, योजना १९८० ची आहे, आमचं सुरू झालं तेव्हा महिन्याला ६०० होते, २०१९ ला १००० झाले आणि २०२३ ला १५००. मुंबईत दीड हजारात काय येतं ते मी सांगायला नको, मोठ्यांच्या डायपरची दोन-तीन पाकिटं आणि उरलेल्यात थोड्या गोळ्या. पण आई त्याचा हिशोब वेगळ्या वहीत लिहिते, त्यातून घरातली साखरसुद्धा आणत नाही, ते पैसे मन्याचे म्हणजे मन्याचेच.

डिसेंबर २०२४ पासून हे पैसे डीबीटीने म्हणजे थेट आधारला जोडलेल्या खात्यात टाकायचं ठरलं. आधी तहसीलमधून बँकेला यादी जायची आणि यादीतल्या खाते नंबरावर पैसे पडायचे. बदल झालाय हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, ना मेसेज ना पत्र. आणि पैसे आधीही कधी वेळेवर आलेत म्हणता, दोन-दोन महिने थांबून एकदम यायचे, त्यामुळे आईला पण वाटलं येतील. होळी झाली तरी पासबुकात एंट्री नाही म्हटल्यावर मी तहसील ऑफिसला गेले.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टला पाटी, दुरुस्तीसाठी बंद. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ४५ आहे, त्याखाली नियम आल्यापासून पाच वर्षांत सगळ्या सरकारी इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या होत्या, नियम आले २०१७ ला. तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं, जिन्यात कुबड्या घेऊन एकेक पायरी चढणारी माणसं दिसत होती तेवढं बघितलं. टेबलावरच्या मॅडमनी नाव शोधलं आणि म्हणाल्या, "यादीत नाव आहे की हो." म्हटलं मग पैसे? "पैसे बंद नाही झालेत, फक्त जात नाहीयेत."

हे वाक्य मी नंतर बऱ्याच टेबलांवर ऐकलं आणि माझं डोकं फिरलं ते याच वाक्याने. बंद झाले असं म्हटलं की त्याला आदेश लागतो, आदेशाला कारण लागतं, त्यावर कुणाची तरी सही लागते आणि मग त्याविरुद्ध अपील करता येतं. जात नाहीयेत याच्यावर कसलं अपील करणार? मी म्हटलं मॅडम, का जात नाहीयेत ते लेखी द्या. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, खरंच त्यांना वाईट वाटलं असावं, म्हणाल्या ताई आम्हाला पण स्क्रीनवर फक्त फेल एवढंच दिसतं, तुम्ही आधार करून घ्या आणि लाभार्थ्याला एकदा घेऊन या. दुसऱ्या मजल्यावर. मन्याला.

त्याच जिन्यात एक काका भेटले. पोलिओचा पाय, खाली मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर, खांद्याला प्लास्टिकची फाइल, आणि ऑफिसमधल्या अर्ध्या लोकांना ते नावाने ओळखत होते. त्यांचे स्वतःचे पैसे चालू होते, दुसऱ्यांच्या कामासाठी यायचे. त्यांनी मला जे सांगितलं ते कुठल्याच टेबलावर कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून नीट लिहिते. खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी सीडिंग वेगळं. केवायसीला तुम्ही आधारची झेरॉक्स दिली ती नुसती बँकेकडे राहते. डीबीटीचे पैसे एनपीसीआयच्या, म्हणजे सगळ्या बँकांना जोडणाऱ्या पेमेंट संस्थेच्या यादीत तुमच्या आधारसमोर ज्या एका बँकेचं नाव असेल तिथेच जातात, आणि तिथे एका वेळी एकच बँक असते, शेवटी जिने सीडिंग केलं ती. तुमच्या पासबुकवर दुसरी बँक असली तरी पैसे तिकडे जायचे नाहीत.

काका म्हणाले, ताई, आठवून बघा, जनधनचा कॅम्प लागलेला का तुमच्याकडे? लागलेला. जनधन योजना २०१४ ची, त्यानंतर चाळीच्या पटांगणात मांडव टाकून खाती उघडली होती, बाबांनी घरातल्या सगळ्यांची उघडली, मन्याचं पण. त्या खात्यात दहा वर्षांत एक रुपया गेला नाही की निघाला नाही, त्यामुळे ते केव्हाच गोठलेलं. म्हणजे सरकार पैसे पाठवतंय, ते गोठलेल्या खात्यावर आपटून परत जातायत, आणि सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत.

आता हा नुसता अंदाज, खात्री करायची तर आधारच्या साइटवर सीडिंग स्टेटस बघायचं. त्याला ओटीपी लागतो. ओटीपी येणार आधारला दिलेल्या मोबाइलवर. तो नंबर बाबांचा. बाबा गेल्यावर सिम रिचार्ज केलं नाही, नंबर आता दुसऱ्याच कुणाला मिळालाय, मी फोन लावला तर कोणीतरी हिंदीत रॉंग नंबर म्हणून ठेवून दिला. मग नंबर बदला. त्यासाठी आधार केंद्रात बोटं किंवा डोळे लागतात. मन्याची मूठ उघडत नाही, म्हणजे अगदीच उघडत नाही असं नाही, कोमट पाण्यात हात धरून हळूहळू चोळलं की उघडते, पण काचेवर ठेवायला गेलं की ताण येतो आणि परत मिटते. जेवढी घाई करावी तेवढी घट्ट.

पहिल्या केंद्रावर ऑपरेटरने त्याचा अंगठा धरून काचेवर दाबला. मन्या ओरडला. मागच्या रांगेतला एक माणूस म्हणाला अहो नंतर या ना, आमची पण कामं आहेत. आई काही बोलली नाही, पदराने मन्याचं तोंड पुसलं आणि व्हीलचेअर वळवली. त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला लिहायचं नाही.

दुसऱ्या एका केंद्रावर विशीतला एक मुलगा होता ऑपरेटर म्हणून. त्याने आधी मन्याकडे बघितलं, मग आम्हाला म्हणाला बोटांच्या नादाला नका लागू, डोळे घेऊ. आता डोळ्यांची पण पंचाईतच, मन्याची मान सतत हलते, ते दुर्बिणीसारखं मशीन समोर धरलं की तो मान फिरवतो. आई मागून डोकं धरायला गेली तर आणखीच ताठला. मुलाने विचारलं याला आवडतं काय? मी म्हटलं लोकल. खरंच, मन्याला लोकलमधल्या अनाउन्समेंट तोंडपाठ आहेत, त्याच्या त्याच्या भाषेत म्हणतो. त्या मुलाने स्वतःच्या मोबाइलवर यूट्यूब काढलं, "पुढील स्टेशन दादर" सुरू केलं आणि मोबाइल मशीनच्या बरोब्बर मागे धरला. मन्या थांबला. मान सरळ, डोळे मोठे, तोंड उघडं, पुढे हिंदी येणार मग इंग्लिश येणार म्हणून वाट बघत. शीव येईपर्यंत दोन्ही डोळे झाले. मुलगा म्हणाला कुर्ल्यापर्यंत लावू देत काकू, त्याला मजा येतेय.

सरकारच्या नियमात बायोमेट्रिक एक्सेप्शन आहे, म्हणजे बोटं-डोळे देता येत नसतील त्यांना सूट, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी येऊन काम करून द्यायची सोय आहे, हे सगळं मला नंतर कळलं. म्हणजे सोयी आहेत, पण जो माणूस आपल्यासमोर बसलाय त्याला त्या माहीत असतील की नाही हे आपल्या नशिबावर. आम्हाला यूट्यूबवाला मुलगा मिळाला. ज्यांना नाही मिळाला त्यांचे पैसे "जात नाहीयेत".

नंबर बदलला, स्टेटस बघितलं, काकांचा अंदाज बरोबर निघाला, जनधनचंच खातं. मग बँकेत. त्यांचं म्हणणं खातेदार सज्ञान आहे, सही करत नाही, तर पालक म्हणून आई कशी काय सही करणार, कोर्टाची ऑर्डर आणा. यातलं एक काम मात्र बाबांनी करून ठेवलेलं. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं, कोर्टात जावं लागत नाही. आमच्याकडे ते आहे, आईच्या आणि बाबांच्या नावाने. बँकेतल्या साहेबांनी कागद उलटासुलटा करून बघितला, असं काही मी कधी पाहिलं नाही म्हणाले. काकांनी मला आधीच रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची प्रिंट दिली होती, हे प्रमाणपत्र बँकांनी मान्य करायचं असं सांगणारं, २००७ सालचं. सोबत मी सुप्रीम कोर्टाच्या ३० एप्रिल २०२५ च्या निकालाची पानं पण नेली होती, ॲसिड हल्ल्यातल्या आणि दृष्टिहीन लोकांनी केवायसीत पापणी मिटा, कॅमेऱ्यात बघा वगैरे जमत नाही म्हणून याचिका केली होती त्यावरचा निकाल, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं कोर्टाने म्हटलंय. साहेबांनी निकाल वाचला नाही, पण पानांची जाडी बघून हेड ऑफिसला मेल टाकला. चालेल. काही कागद वाचले जायला नसतातच, टेबलावर ठेवायला असतात.

मधल्या काळात यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचं पण निघालं, जुनं हाताने लिहिलेलं सर्टिफिकेट चालणार नाही, ऑनलाइन कार्ड पाहिजे. सर्टिफिकेटवर "कायमस्वरूपी" असं लिहिलंय, खाली शिक्का आहे, तरी. हॉस्पिटलच्या बोर्डासमोर नेलं तर डॉक्टर म्हणाले अहो याला कशाला परत आणलंत. कुणीतरी आधी त्यांनाच विचारायला पाहिजे होतं. असो, निळं कार्ड आलं, निळं म्हणजे ८० टक्के आणि त्याच्या वर.

उत्पन्नाच्या दाखल्याचं मात्र थोडं थांबून सांगते कारण त्यात खरी गोम आहे. संजय गांधीला दिव्यांगांसाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५०,००० आहे, म्हणजे महिन्याला चार हजार एकशे काहीतरी. मुंबईत. बाकीच्यांना तर २१,०००. आणि आई लाडकी बहीणमध्ये आहे, तिथे मर्यादा अडीच लाख. एकच घर, एकच रेशनकार्ड, आईच्या योजनेत हे कुटुंब अडीच लाखांपर्यंत गरीब आणि मन्याच्या योजनेत पन्नास हजारांच्या वर गेलं की श्रीमंत. लाडकी बहीण नको असं मी म्हणत नाही, आईला त्या पैशांचा आधारच झाला. पण पन्नास हजारांची रेघ तिथल्या तिथे ठेवली आणि मजुरी, भाडं सगळं वाढत गेलं की दरवर्षी काही माणसं आपोआप रेघेबाहेर पडतात, कुणाला काही कापावं लागत नाही. केंद्राचं पण तेच, इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनमध्ये ८० टक्क्यांच्या वरच्यांसाठी केंद्राचा वाटा ३०० रुपये, २०१२ ला २०० चे ३०० केले ते तिथेच आहेत. २०१२ मधले तीनशे आणि आजचे तीनशे, वाण्याला विचारा.

रांगेत एक बाई भेटल्या, एका पायाने अधू, धुणीभांडी करतात. त्यांची लाडकी बहीण बंद झाली कारण त्या संजय गांधीच्या लाभार्थी. सरकारनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की अशा २ लाख ३० हजार बायका वगळल्यात. नियम आहे, एकाच वेळी दोन नाही, ठीक आहे. पण या बाईंचे संजय गांधीचे पण सीडिंगमुळे येत नव्हते. एका पोर्टलला वाटतं हिला दुसरीकडून मिळतात आणि दुसरीकडून फेल. त्या हसत हसत सांगत होत्या हे, मला हसू आलं नाही.

लोक काय म्हणतात तेही सांगते. आमच्याच चाळीत एकजण म्हणाले, अहो पण बोगस किती आहेत, ते प्रोबेशनवरच्या आयएएस बाईंच्या दिव्यांग सर्टिफिकेटचं नाही का निघालं २०२४ ला. निघालं ना, मग? बोगसवाल्यांसाठी २०१६ च्या त्याच दिव्यांग हक्क कायद्यात कलम ९१ आहे, खोटेपणाने लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, लावा ते. बोगस माणूस पडताळणीला कारने येतो, लिफ्ट बंद असली तरी धावत जिना चढतो, त्याचे कागद पहिल्या फेरीत ओके होतात. गळतो तो मन्या. मला बोगसवाल्यांचा राग तुमच्यापेक्षा जास्त येतो, कारण त्यांचं बिल आमच्या नावावर फाटतं.

याच दरम्यान ब्रिटनच्या बातम्या वाचत होते. तिथे मार्च २०२५ मध्ये सरकारने उघड सांगितलं की अपंगांना मिळणाऱ्या पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटचे निकष कडक करणार, खर्च वाचवायचाय. कागद छापला, आकडे दिले. मग संघटना रस्त्यावर, सत्ताधारी पक्षाचेच ढीगभर खासदार फिरले आणि १ जुलैला ऐन मतदानाच्या दिवशी मंत्र्याला उभं राहून तो भाग मागे घेतो म्हणून सांगावं लागलं. नवीन अर्जदारांच्या दुसऱ्या एका भत्त्यावर कात्री चालवलीच, सगळं काही वाचलं नाही. पण मला हेवा वाटला तो याचा की त्यांना नाही म्हणायला समोर एक कागद तरी होता. आम्ही कशाला विरोध करायचा? सर्व्हरला?

काकांचं उत्तर तयार होतं, कागद नाही ना, मग आपण तयार करायचा. म्हणजे त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. आम्ही माहितीचा अधिकार लावला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो आणि एका अर्जात एकच विषय. विचारलं एवढंच, नोव्हेंबर २०२४ पर्यंत या ऑफिसच्या यादीत दिव्यांग लाभार्थी किती, त्यातल्या किती जणांना त्यानंतर पैसे गेले नाहीत, आणि त्यातल्या किती जणांना लेखी कळवलं. उत्तर आलं, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. काका खूश. मी म्हटलं यात खूश काय व्हायचं, तर म्हणाले ताई, किती जणांचे अडकलेत हे माहीतच नाही असं सहीशिक्क्याने लिहून दिलंय त्यांनी, फ्रेम करा.

ते पत्र जोडून पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार केली. त्याला फी नाही, वकील लागत नाही, पोस्टाने किंवा मेलने चालते आणि आयुक्तांना अशा तक्रारीत दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात, समन्स काढता येतं. तक्रारीत दोन गोष्टी लिहिल्या. एक, नोटीस न देता पैसे थांबवणं म्हणजे बंद करणंच आहे, मग नाव यादीत असो नसो. दुसरी त्याच २०१६ च्या कायद्यातल्या कलम २४ ची, त्यात म्हटलंय की दिव्यांगांना मदतीची रक्कम इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त पाहिजे. संजय गांधीत विधवा, निराधार, दिव्यांग सगळ्यांना सरसकट १५०० च होते, म्हणजे कायद्याने १८७५ तरी पाहिजे होते. काकांनीच सांगून ठेवलं की कलमाच्या सुरुवातीला "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत" असे शब्द आहेत, ते पुढे करतील. करू देत, म्हटलं, पण करतील तेव्हा तेही लेखीच करतील ना.

जुलैमध्ये पावसाळी अधिवेशन चालू असताना आझाद मैदानात धरणं होतं, आम्ही पण गेलो. आधी जूनमध्ये माजी आमदार बच्चू कडूंचं अमरावतीकडे मोझरीला अन्नत्याग आंदोलन झालं होतं, शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना महिना सहा हजार द्या ही मागणी होती त्यात, त्यामुळे विषय जरा हवेत होता. मुंबईत आंदोलन म्हणजे आझाद मैदान, दुसरीकडे कुठे बसूच देत नाहीत. पावसाने मैदानात चिखल, व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात, दोघांनी उचलून प्लास्टिकच्या ताडपत्रीवर ठेवायची. दृष्टिहीन मुलांचा एक ग्रुप घोषणा देत होता, त्यांचा ताल एवढा पक्का की बाजूच्या कुठल्यातरी शिक्षकांच्या आंदोलनातले लोक पण टाळ्या धरायला लागले. बायकांच्या टॉयलेटला दोन पायऱ्या. दोन पायऱ्या म्हणजे काय ते चालणाऱ्याला कळत नाही, मी मुद्दाम लिहितेय. आई सकाळपासून पाणी न पिता बसलेली आणि तिच्या शेजारच्या व्हीलचेअरवरच्या मुलीने पण थेंब घेतला नव्हता.

शिष्टमंडळ आत जाऊन आलं, निवेदन दिलं, सकारात्मक चर्चा झाली म्हणाले. सकारात्मक चर्चा म्हणजे काय ते आपल्याला माहितीये. पण त्या दिवशी मी आजूबाजूला विचारत फिरले, तुमचे कधीपासून नाही, का नाही, आणि वहीत लिहून घेतलं. कुणाचं जनधन, कुणाच्या आधारवर आडनाव लग्नाआधीचं, कुणाला कुष्ठरोगाने बोटंच नाहीत, कुणाचं हॉस्पिटलच्या बोर्डाची तारीखच मिळत नाही. ती यादी सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांसकट आयुक्तांच्या तक्रारीला जोडली. एकट्या मन्याच्या अर्जाला जे उत्तर येत नव्हतं ते या यादीनंतर आलं, तहसीलकडे पत्र निघालं की खुलासा करा. त्या पत्राची प्रत घेऊन मी गेले तेव्हा त्याच मॅडमनी खुर्ची दिली.

सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांचे एक हजार वाढवले, दीडचे अडीच हजार, ऑक्टोबरपासून. पेपरात मोठी बातमी. आंदोलनांनी झालं की निवडणुकांनी ते मला सांगता येणार नाही, पण झालं ते चांगलंच झालं, काकांनी पेढे वाटले. आमच्या घरी तेव्हा वाढ होऊन शून्यच होतं, बँकेचं सीडिंग त्याच सुमाराला बदललं. दिवाळीनंतर एक दिवस आईचा फोन, मन्याच्या खात्यात अडीच हजार आलेत, एवढे कसे, चुकून आले का, परत घेतील का. तिला समजावता समजावता माझा ट्रेनमधला स्टॉप गेला.

आता राहिलेत मागचे. डिसेंबर २०२४ पासून सुरू होईपर्यंतचे. ऑफिसचं म्हणणं सीडिंग झालं त्यापुढचेच मिळतात, मागचे लॅप्स. मी म्हटलं कुठल्या जीआरमध्ये लिहिलंय ते दाखवा. शोधून सांगतो म्हणाले. तुमच्याच रेकॉर्डला नाव यादीत होतं, बंद नव्हतं, तुम्हीच म्हणालात ना, मग ते पैसे मन्याचेच होते, फक्त पोचले नाहीत. मॅडमचंच वाक्य त्यांना परत दिलं. तो अर्ज टपाल शाखेत दिलाय, इनवर्ड नंबर आईच्या वहीत लिहिलाय, उत्तर आलं नाही तर पुण्याला दुसरी तक्रार तयार आहे.

आणि आता हयातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला परत द्यायचाय, तो दिला नाही तर परत "जात नाहीयेत". यावेळी मैदानातल्या वहीतली आमच्या भागातली सहा-सात घरं मिळून एकत्रच जाणार आहोत, काकांच्या ओळखीचा टेम्पोवाला आहे. लिफ्ट बंद असली तर कुणी वर चढायचं नाही असं ठरलंय, साहेबांनी खाली यायचं, तसं पत्र आधीच दिलंय आणि पोच घेतलीये. कुणाचं अडकलं असेल तर आधी सीडिंग कुठल्या बँकेला आहे तेवढं बघून घ्या, आणि ऑफिसात जे काय सांगतील ते लेखी मागा, नाही दिलं तर स्वतः लिहून टपालात द्या आणि झेरॉक्सवर शिक्का मारून घ्या.